मयत हा शब्द

परतूरच्या तहसीलबाहेर एक गृहस्थ अर्ज लिहून देतात. मी शाळामास्तर, कामानिमित्त नेहमी त्यांच्याकडं बसतो. लिहिता लिहिता त्यांना शब्दाचं मूळ सांगायची खोड. अर्ज अरबी, कागद फारशी. नवऱ्याच्या वारसनोंदीला आलेल्या बाईलाही एकदा म्हणाले, "मयत अरबीतून आलाय. उर्दूत मय्यत म्हंजे प्रेत. आपल्याकडं कागदावर मेलेल्याच्या नावाआधी लिवत्यात." बाई पदर तोंडाला लावून ऐकत होती. मला त्यांची चीड आली.

परवा ते स्वतःच्या मुलीच्या मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज लिहीत होते. तिच्या नावाआधी पेन थांबलं. कागद माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "सर, तेवढा शब्द तुम्ही लिवा. मला येत न्हाई."