अप्पांची निलंगा–लातूर गाडी

मी लातूरला कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. भूतखेत म्हटलं की पहिली हसणार ती मीच! तरीही हे लिहितेय...

माझे वडील, अप्पा, निलंग्यात टीव्ही दुरुस्त करायचे. टीव्हीला जोडायचा एक जुना होम कॉम्प्युटर त्यांनी जिवापाड जपला होता. त्यावर ते गेम लिहायचे – निलंग्याहून लातूरला निघालेली एसटी, वाटेत उसाच्या ट्रॉल्या. गेम अर्धाच राहिला आणि अप्पा गेले. आई म्हणायची, "त्या डब्यापायी जिंदगी घातली त्यांनी." मला ते फार लागायचं. म्हणून गेम मी पुरा करायला घेतला.

अडलं इंटरप्टवर. टीव्हीवर एक चित्र काढून झालं की चिप प्रोसेसरला हाक मारते. त्यानं हातातलं काम ठेवून गाडी पुढं सरकवायची आणि परत जिथं होता तिथूनच सुरू व्हायचं. म्हणून अप्पा आधी तिन्ही रजिस्टरं, म्हणजे प्रोसेसरचे हातातले आकडे धरणारे कप्पे, जपून ठेवायचे, लागोत न लागोत. मला तो वेळेचा अपव्यय वाटला. मी एकच ठेवलं... आणि वाटेतलं औसा ओलांडलं की गेम गोठायचा. चूक काही सापडेना.

एका रविवारी जेवणं झाल्यावर आईच म्हणाली, "दाखव बरं, काय करायलीस तू."

औशाला गाडी अडली की आईचंच म्हणणं खरं ठरणार! गेम साठवलेली कॅसेट लावली, खेळायला लागले. औसा आलं... गेलं. गाडी सरळ लातूरच्या स्टँडात शिरली!

आई टीव्हीजवळ सरकली. "हे ह्यांनी केलंय?"

"हो आई. मी फक्त शेवट जोडला."

"लई मोठं काम करून गेले की गं," म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. अभिमानानं माझा ऊर भरून आला.

मग मी मेमरी उघडून पाहिली. तिन्ही रजिस्टरं जपून ठेवलेली! मी लिहिलंच नव्हतं... बघता बघता लाईट गेली आणि मेमरी पुसली गेली. आल्यावर तीच कॅसेट परत लावली, तर कोडमध्ये एकच रजिस्टर, आणि गाडी औशापुढं बंद.

रॅम बिघडली तर कचरा येतो, नीट लिहिलेला कोड येत नाही. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही.

त्या ओळी मग मी स्वतः लिहिल्या. आता माझे विद्यार्थी तो गेम खेळतात. "मॅडम, यातलं एक रजिस्टर लागतच नाही, काढू का?" असं कुणीतरी विचारतंच.

मी म्हणते, "हात लावू नका. ते अप्पांचं आहे."