उजव्या बाजूला बसलेला माणूस

नोकरीत पुष्कळ गुन्हे पाहिले आणि त्यातले बहुतेक विसरलोही. ती जीप मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नव्वदीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. धारवाडहून अळणावरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ठाण्यात मी नुकताच फौजदार म्हणून बदलून आलो होतो. इथे कुणाचंही नाव लिहिणार नाही. काही माणसं हयात आहेत, आणि जी नाहीत त्यांची मुलं याच गावांत नांदत आहेत.

प्रकरण वरकरणी सरळ होतं. दुपारी कडब्याने भरलेली एक बैलगाडी अळणावरकडे चालली होती. समोरून एक मजूर बाई डोक्यावर जळणाचा भारा घेऊन रस्त्याच्या कडेने येत होती. बैलगाडीच्या मागून एक जीप आली, उजवीकडून गाडीला ओलांडून पुढे निघाली, त्या बाईला उडवलं आणि न थांबता निघून गेली. गाडीवानाने बाईला उचलून कडब्यावर निजवलं आणि बैल पळवत आरोग्य केंद्राची वाट धरली. ती वाटेतच गेली. मागे नवरा आणि दोन लहान पोरं राहिली.

गाडीवान हल्याळकडचा होता, या भागातली माणसं त्याच्या ओळखीची नव्हती. त्याने जबाब दिला, "जुनी जीप होती सायेब, वर ताडपत्री. उजव्या अंगाला डायवर, पिवळा पटका बांधलेला. मी मागं वळून बघितलं तवा अर्धा भायेर वाकून बघत होता. माझ्या अंगाची ताडपत्री खाली सोडलेली, तिकडं कोण होतं ते दिसलं नाही. मागं पांढऱ्या रंगानं काय तरी लिवलेलं होतं. मला वाचाय येत नाही."

त्या काळी आमच्याकडे जीप ही चैनीची वस्तू नव्हती. जंगलाचे ठेकेदार, दुधाचे व्यापारी, पुढारी आणि आम्ही पोलीस, सगळे तिच्यावरच फिरायचे. जुन्या जिपा धुंडाळत आम्ही बराच हिंडलो आणि हात हलवत परतलो. मग आमच्या हेड कॉन्स्टेबलला हुबळीहून खबर लागली. एका गॅरेजात एका जुन्या जीपला नवा दिवा बसवून रंग मारून दिला होता.

दिव्यापेक्षा मला रंग खटकला. जुनी जीप बाळगणारा माणूस तिला सहसा रंग देत नाही. तिच्यावरचा एकेक ओरखडा तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. हा कुठल्या ओढ्यातला, तो कुठल्या बाभळीचा, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. असा माणूस ओरखडे झाकायला निघाला तर काहीतरी बिनसलेलं असतं.

जीप हुबळीच्याच देशपांडे नगरातल्या एका डॉक्टरांची निघाली. डॉक्टर म्हणजे त्या पंचक्रोशीत देवमाणूस. तरुणपणी पावसाळ्यात जिथे एसटीसुद्धा जात नसे, अशा खेड्यांत ते जीप घालून जायचे. आता वय झालं होतं, शहरात फिरायला मोटार होती, आणि जीप फक्त शेतावर जाण्यापुरती बाहेर निघायची. आम्ही फाटकात शिरलो तेव्हा समोर त्यांचा जुना गडी उभा होता. डोक्याला पिवळा पटका.

आम्ही अजून तोंडही उघडलं नव्हतं. आम्हाला जीपकडे चाललेलं पाहून तो आपणहून पुढे आला आणि दोन्ही मनगटं पुढे करून म्हणाला, "चला सायेब. तप्पु माझंच हाय." तप्पु म्हणजे चूक.

डॉक्टर ओसरीवरून बघत होते.

ठाण्यात आणल्यावरही त्या गड्याचं एकच पालुपद. मी दहा तऱ्हांनी विचारलं. जीप चालवता येते का? येते, अंगणात पुढंमागं करतो, लायसन हाय. त्या दिवशी जीपमध्ये होतास का? होतो. धडक कशी बसली? त्यावर तो मान खाली घालायचा आणि म्हणायचा, "मी हूं म्हटलो री. म्हणून झालं. मी हूं म्हटलो."

आमच्या रायटरने कन्नडमध्ये ते 'मी कबूल केलं' असं उतरवलं. आमच्याकडे माणूस बोलतो मराठीत, कागद होतो कन्नडमध्ये आणि वाद चालतो इंग्रजीत. मधल्या मधे एखादा शब्द कुठे सांडला तर कुणाला पत्ता लागत नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही हे खरं, पण ओळखपरेडीत गाडीवानाने बोट केलं ते नेमकं याच गड्याकडे. मोटार निरीक्षकाने ब्रेक आणि स्टिअरिंग ठीक असल्याचा दाखला दिला. स्टिअरिंग उजवीकडे, आणि उजवीकडे बसलेला माणूस साक्षीदाराने ओळखलेला. हेड कॉन्स्टेबल खूश होऊन म्हणाला, "सायेब, आता कोर्टात घालायचं आणि मोकळं व्हायचं."

गुन्हा जामीनपात्र होता. डॉक्टर जामीन राहायला तयार होते, पण हा गडीच नको म्हणाला, आणि धारवाडच्या तुरुंगात जाऊन बसला. त्याची मुलगी रोज डबा घेऊन बाहेर थांबायची. तिचं सासर नेमकं त्या मेलेल्या बाईच्याच गावात होतं. मी विचारल्यावर ती म्हणाली, "मामंजी म्हणले, अप्पाचं काय ते ठरू दे, तवर तू इकडं येऊ नको. ज्यांची बाई गेली त्यांच्या दारावरनं पाण्याला जायचं असतंय की सायेब. कुठल्या तोंडानं जाऊ?" शिक्षा लागली असती तर त्या पोरीला पुन्हा सासरचा उंबरा दिसला नसता, हे मला तेव्हाच कळलं.

मनात दोन खडे टोचत होते. गाडीवानाने जीपच्या मागे पांढरी अक्षरं पाहिली होती, आणि जप्त केलेल्या जीपच्या मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. रंगाखाली गेली असतील, अशी मी समजूत घातली. दुसरं म्हणजे तो 'हूं'. गुन्हा कबूल करणारा माणूस 'मी केलं' म्हणतो. 'मी हूं म्हटलो' असं कुणी म्हणत नाही.

मालक म्हणून डॉक्टरांचा सविस्तर जबाब घ्यायचा राहिला होता. मी एकटाच गेलो. चहा आला. डॉक्टर तुटक तुटक उत्तरं देत होते. चौकशीत माणूस आवळून बसला की त्याला त्याच्या आवडीच्या विषयावर सोडावं, हे मी एका जुन्या फौजदारांकडून शिकलो होतो. म्हणून म्हटलं, "डॉक्टर, जीप झकास आहे. कुठे मिळाली?"

त्यांचा चेहराच पालटला. ते सांगत सुटले. दुसऱ्या महायुद्धासाठी ही गाडी कशी घाईघाईने घडवली, चारही चाकांना जोर देणारी आणि चिखलात बैलासारखी ओढणारी. लढाई संपल्यावर ती लष्कराच्या लिलावात कशी आली, बेळगावच्या एका ठेकेदाराने कशी घेतली आणि त्याच्याकडून यांनी कशी मिळवली. पेट्रोलचं इंजिन परवडेना म्हणून डिझेलचं बसवलं. टप फाटला, सीटा बदलल्या, पण सांगाडा अजून लोखंडासारखा खणखणीत. त्या काळी पेशंटच्या घरी आधी जीपचा आवाज पोचायचा आणि मागून डॉक्टर, असं म्हणून ते हसलेसुद्धा.

"एकदा काय झालं," ते म्हणाले, "याच गड्याची बायको बाळंतपणात अडली. ओढ्याला पूर. बाई मागे आडवी, हा तिच्या उशाशी. मी छोटा लिव्हर टाकला, चारही चाकं लावली आणि घातली पाण्यात. पाणी पायांपर्यंत आलं. डावा हात स्टिअरिंगवर घट्ट, उजव्या हाताने गिअर धरून ठेवलेला, निसटू नये म्हणून. सोडला असता तर संपलोच होतो. पलीकडे पोचलो आणि तासाभरात पोर जन्मली. तुरुंगाबाहेर डबा घेऊन बसते ना, तीच ती."

एवढं बोलून ते गप्प झाले. आपण काय बोलून गेलो हे त्यांना तेव्हा समजलं होतं की नाही, मला माहीत नाही. मुलीच्या आठवणीनेच गप्प झाले असतील.

मी चहा संपवला, जबाबावर सही घेतली आणि आमच्या पोलीस जीपमध्ये येऊन बसलो. डावा हात आपोआप गिअरवर गेला. तिथेच अडकलो. स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या गाडीत गिअर डाव्या हाताने पडतो. उजव्या हाताने गिअर धरणारा माणूस डावीकडेच बसलेला असला पाहिजे.

ठाण्यात पोचताच हेड कॉन्स्टेबलला टर्पेंटाइन आणि चिंधी आणायला सांगितलं. "सायेब, धुवायची हाय काय गाडी?" त्याने थट्टेत विचारलं. मी मागच्या पत्र्यावरचा नवा रंग घासायला लागलो. खालून हळूहळू पांढरी इंग्रजी अक्षरं वर आली. 'लेफ्ट हँड ड्राइव्ह.' डावं स्टिअरिंग असलेल्या गाडीच्या मागे हे लिहावंच लागतं, म्हणजे मागून येणारा सावध राहतो. परदेशी सैन्यासाठी बनलेल्या त्या जिपांचं स्टिअरिंग डावीकडेच असायचं. बऱ्याच जणांनी पुढे ते उजवीकडे करून घेतलं. डॉक्टरांनी अपघातानंतर करून घेतलं होतं. त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना जीप डावी आहे हे पहिल्यापासून ठाऊक होतं. शेजाऱ्यांनी ते लपवलं नव्हतं, आम्ही विचारलं नव्हतं. माणसं विचारलं तेवढंच सांगतात.

परवानगी काढून मी तुरुंगात गड्याला भेटलो. एकच प्रश्न विचारला. "तू हूं म्हटलास, ते कुणाला?"

त्याने मान वर केली. मग म्हणाला, "डाक्टरसायबांना की. डावीकडं बसून त्यांना म्होरचं दिसत नाही री. म्होरं गाडी आडवी आली की ते विचारायचे, 'होगलेनो?', म्हणजे जाऊ का. मी उजवीकडं बसून भायेर वाकून बघायचो. वाट मोकळी असली की हूं म्हणायचो. मग ते गाडी काढायचे. इतकी वरसं असंच चाललंय."

"आणि त्या दिवशी?"

"बाई दिसली मला. कडेला होती. जागा पुरंल असं वाटलं, म्हणून हूं म्हटलो. तेवढ्यात ती आत सरली. डोक्यावरचा भारा हेलकावला असंल. सायेब, त्यांना दिसतच नव्हतं. बघणारा मी. मग तप्पु कुणाचं?"

"नंतर थांबा म्हणालास का?"

"दोनदा म्हटलो. इतक्या वरसांत त्यांनी माझं सगळं ऐकलं. तेवढं ऐकले नाहीत." असं म्हणून तो लहान पोरासारखा रडला. मलाही खाकीत असून डोळे पुसावे लागले.

गॅरेजच्या मेस्त्रीने मग सगळं सांगितलं. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी काहीही नाकारलं नाही. पोलीस पिवळ्या पटक्याचा ड्रायव्हर शोधत आहेत हे त्यांच्या कानावर आलं होतं, आणि तेव्हा त्यांना स्टिअरिंग उजवीकडे करून घ्यायचं सुचलं. "मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं, फौजदारसाहेब," ते म्हणाले. "तो आपणहून पुढे गेला. मी फक्त अडवलं नाही."

मी पंचनाम्याचे कागद आवरत होतो. इतका वेळ त्यांनी वकील, जामीन, शिक्षा यांतलं काहीच विचारलं नव्हतं. आता विचारलं, "ती लगेच गेली असेल, नाही का?"

शवविच्छेदनाचा अहवाल माझ्या फाईलमध्ये होता. गाडीवानाचा जबाबही होता. खोटं बोलून त्या म्हाताऱ्याला सुटका देता आली असती. माझ्याने ते झालं नाही.

"नाही डॉक्टर," मी म्हणालो. "रक्त फार गेलं. बैलगाडीत ती बराच वेळ शुद्धीवर होती. गाडीवानाकडे पाणी मागत होती."

ते भिंतीला धरून खाली बसले. पुराच्या ओढ्यातून बाळंतीण बाहेर काढणारी जीप आणि हाताशी असलेला डॉक्टर तिथून निघून गेले होते, आणि तिला दवाखान्यात न्यायला बैल उरले होते.

कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली. कोर्टाने जीप परत करायचा हुकूम दिला होता, तरी न्यायला कुणी आलं नाही. माझी बदली झाली तेव्हा ती ठाण्याच्या आवारात उभी होती आणि बोनेटवर घोसाळ्याचा वेल चढला होता. गडी सुटला. मुलगी सासरी गेली. त्या मेलेल्या बाईच्या नवऱ्यानेच तिला वेशीपासून घरापर्यंत पोचवलं, असं मला नंतर कळलं. त्या माणसाला मी मनोमन नमस्कार केला.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. माणूस कबुली देतो तेव्हा त्याने काय केलं ते तर विचारावंच, पण त्याला स्वतःला कशाची बोच लागली आहे तेही विचारावं. कायद्याला चाक हातात असलेला माणूस कळतो. त्याच्या शेजारी बसून वाट सांगणाऱ्याच्या मनात काय चालतं, याला कुठलंही कलम नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी अळणावरच्या बाजारात तो गडी लेकीसह मला भेटला. पटका पांढरा झाला होता, पाठ वाकली होती. मी विचारलं, "ओळखलंस ना? तब्येत बरी आहे ना?"

त्याने हात जोडले आणि फक्त मान हलवली. मला वाटलं, ऐकू कमी येत असेल. मी मोठ्याने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा मान हलवली.

त्याची मुलगी हळूच म्हणाली, "ऐकू येतंय की सायेब. पण तेव्हापासनं अप्पा कुणालाच हूं म्हणत नाहीत."