तक्रार वाचून दाखवा

"साडी सोड. इथंच."

बिल्डिंगच्या जिन्याखाली. वॉचमन समोर, लिफ्टसाठी थांबलेली चार माणसं समोर. मॅडमची सोन्याची कुडी सापडत नव्हती. डोंबिवलीत त्यांच्याकडे सहा वर्षं मी धुणीभांडी केलेली. "कातकरी ना तुम्ही, चोरी रक्तातच असते," म्हणाल्या आणि माझा पदर ओढला. मी निऱ्या दोन्ही हातांनी घट्ट धरल्या. कुणी मधे पडलं नाही. एका काकांनी मान फिरवली, तेवढंच.

संध्याकाळी कुडी त्यांच्याच टॉवेलात मिळाली. वॉचमनकडून निरोप, "उद्यापासून ये." बस्स. मी गेलेच नाही.

खडवलीकडं आमची वाडी. तिथं आदिवासींच्या संघटनेच्या ताई येतात. त्या म्हणाल्या, आदिवासी बाईशी असं वागणं गुन्हा आहे, त्याला वेगळा कायदा आहे. आणि अंगठा घ्यायच्या आधी पोलिसांनी तक्रार वाचून दाखवायची, हेही त्यातच आहे. मी वीटभट्टीवर वाढले, शाळा बघितली नाही. पण हे एक डोक्यात पक्कं बसलं.

तक्रार द्यायला चौकीत गेले, तर पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा म्हणाले, जातीचा दाखला आण. ताई म्हणाल्या, तक्रारीला तो लागत नाही. हेलपाटे घालून जीव वैतागला. तिसऱ्यांदा हवालदारानं लिहून घेतलं. लिहून झाल्यावर न विचारताच माझा अंगठा धरून शाईवर नेला. माझ्या बापानं असाच अंगठा दिला आणि आमची जमीन गेली.

मी हात ओढून घेतला. "वाचून दाखवा."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"ऐकू येतं मला."

त्यानं वाचलं. मालकीण आणि कामवाली यांची किरकोळ बाचाबाची. साडी नाही, जात नाही. एवढं घसा कोरडा करून सांगितलं ते गेलं कुठं?

"हे मी बोलले नाही. बोलले ते लिहा."

"अगं, मोठ्या लोकांच्या नादी कशाला लागतेस?"

मी बाकावर बसून राहिले. दुपार गेली तेव्हा दुसरा कागद आला, तोही हवालदाराला वाचायला लावला. साडी आली होती, जात नव्हती. तोही परत केला.

उद्या पुन्हा जाणार. परवाही जाईन. कातकरी म्हणून माझ्या साडीला हात घातला, तर कातकरी हा शब्द त्या कागदावर आलाच पाहिजे. तो माझ्या कानांनी ऐकल्याशिवाय अंगठा देणार नाही.