पडद्यामागचा जावई

माझ्या सासऱ्यांनी माझा फार मान राखला, आणि त्यापायी मी अख्ख्या अमडापूरसमोर एका खुन्याची बाजू घेतली.

महाराष्ट्र राज्य नवं होतं, बुलढाण्याच्या कोर्टातली माझी कारकुनी नवी होती आणि लग्नही नवंच होतं. विमल माहेरी, अमडापूरला गेली ती तिकडचीच झाली. दोनदा न्यायला गेलो, दोनदा पुरणपोळी खाऊन हात हलवत परतलो. तिसऱ्यांदा सासूबाई स्पष्टच म्हणाल्या, "पोरगी धाडतो, पण घर चालवाची अक्कल हाय का तुमच्यात, ते तं कळू द्या!"

"अक्कल?" मी छाती फुगवली. "मामी, आरोपी कोर्टाची पायरी चढला की मी सांगतो, हा सुटते का लटकते!" (खरं म्हणजे मी मागच्या खोलीत बसून कागदांच्या नकला करायचो. आरोपी कसा दिसतो हे मला ठाऊकच नव्हतं.)

"मंग पाहूच!" सासूबाई म्हणाल्या. बाजाराच्या मैदानात तंबूचा सिनेमा आला होता. रहस्यपट! खुनी कोण ते शेवटी कळणार. "तुम्ही त्याच्या आधी सांगा. बरोबर निंघालं तं सकायच्या मोटारीनं विमल तुमची."

तंबूत सारं गाव भुईवर बसलेलं. सासऱ्यांचा जीव खालीवर झाला. "जावई मातीत बसते? लोक शेण घालतीन माह्या तोंडात!" त्यांनी घरून हातांची मोठी लाकडी खुर्ची आणवली आणि मला ऐन मध्यात स्थापन केलं.

"ओ खुर्चीवाले! डोस्कं काढा बे तुमचं!" मागून गर्जना.

"मामाजी, बसतो ना मी खाली."

"खबरदार!"

खुर्ची डावीकडे सरकली, तिकडचे ओरडले. उजवीकडे सरकली, इकडच्यांनी ढेकळं उचलली. शेवटी चार गड्यांनी मला खुर्चीसकट उचललं आणि पडद्याच्या मागे नेऊन ठेवलं. कापड पातळ, चित्र मागूनही लख्ख दिसत होतं. "पाहा, इथं गर्दी बी नाही," असं अभिमानानं सांगून सासरे पुढे सासूबाईंजवळ जाऊन बसले. मागे मी आणि एक खरजुलं कुत्रं.

सुरुवातीची नावं आली. एक अक्षर लागेना! उर्दू असेल म्हणून सोडून दिलं.

एका शेटजीचा खून झाला. घरात पुतण्या, मुनीम, विधवा बहीण आणि डॉक्टर. मंडळी जेवायला बसली आणि मला शिसारीच आली. सगळे डाव्या हातानं जेवत होते! पैसा आला की संस्कार असे जातात. एकटा डॉक्टर तेवढा उजव्या हातानं घास घेत होता. चांगल्या घरचा दिसला.

तेवढ्यात पोलीस अधिकारी जखम पाहून म्हणाला, "खुनी डावखुरा आहे!"

मी ताडकन उठलो. "मामी, सांगतो! पुतण्या, मुनीम अन् बहीण, तिघंई खुनी! डॉक्टर तेवढा निर्दोष!"

पडद्यापलीकडे हास्याचा स्फोट झाला. मला वाटलं, कौतुक चाललंय.

आणि शेवटी बेड्या पडल्या त्या डॉक्टरला! माझ्यातला न्याय खवळला. पडद्याला वळसा घालून मी पुढे धावलो आणि हात पसरून उभा राहिलो. "सोडा त्याले! तो एकटाच सरळ हातानं जेवला!" पडद्यावर माझी तंबूएवढी सावली डॉक्टरला पाठीशी घालून उभी. बिचारा पोलीस अधिकारी माझ्या काखेतून संवाद म्हणत होता.

"ओ वकीलसायब, बाजूले व्हा! काय भाऊ लागते काय तो तुमचा?"

आम्ही घरी आलो. ओसरीवर आल्यावर विमल हळूच म्हणाली, "अवो, मागून चित्र आरशावानी उलटं दिसते. उजवा तो डावा, डावा तो उजवा."

"मंग ते उर्दू?"

"कोणतं उर्दू?"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. मला मागे कोणी नेलं, एवढं ते एका शब्दानं बोलले असते तर माझी अब्रू वाचली असती. सासरे अत्यंत मन लावून बैलांकडे पाहत होते. आता ज्यानं मान दिला त्याची मान कापायची कशी? "चूक माझीच," असं म्हणून मी मोकळा झालो.

सकाळी एकट्याचीच पिशवी उचलली. तोच सासूबाईंचा आवाज आला, "विमल, पेटी भर."

"आई, ते तं हरले ना वं!"

"म्हणून तं म्हणतो! हा माणूस एकटा राह्यला तं कोणाचाई खून सोताच्या आंगावर घेऊन बसन. संगं कोणी शहाणं नोको का?"

जग कर्तबगारी दाखवून बायको घरी आणतं. माझ्या बाबतीत सासूबाईंनी दयेचा अर्ज मंजूर केला, आणि तोही मी न करताच!