बहिणीनं माफ केलं, ते मी सांगणारच

सहा वर्षं माझी धाकटी बहीण भाऊबीजेला माझ्या दारात आली नाही, कारण मीच तिला तिथून हाकललं होतं.

आमचं घर शिरड शहापूरच्या शिवारात, मेंढरांवर चालणारं. बहीण जवळा बाजारला दिलेली. तिथं एका नर्सबाईकडून तिनं येशूविषयी ऐकलं आणि त्याच्यावर विश्वास ठेवला. त्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ती मला तेच सांगू लागली. मी ताट उधळलं, तिनं सोबत आणलेलं येशूचं पुस्तक गुरांच्या हौदात फेकलं आणि गल्लीसमोर म्हणालो, तू आम्हाला मेलीस. तिनं ते ओलं पुस्तक पदरात गुंडाळलं आणि एसटी धरली.

तरी दरसाल ती फाट्यापर्यंत यायची. चहाच्या टपरीवर करंज्यांचा डबा ठेवून परत जायची. टपरीवाला डबा घरी पाठवायचा आणि मी तो कुत्र्यापुढं रिकामा करायचो. लिहिताना लाज वाटते, पण एवढं गाळलं तर पुढचं सगळं खोटं पडेल.

मग एकदा नरसीच्या रस्त्यानं कळप नेताना मला ट्रकनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं. बायकोला मेंढरांमागं जाणं भाग होतं आणि मला तर कूससुद्धा बदलता येत नव्हती. दवाखान्यातून घरी आणलं त्याच्या तिसऱ्या दिवशी बहीण आली. दोन महिने राहिली. माझं अंग पुसलं, घाण काढली. मागचं एका शब्दानं काढलं नाही, देवाचंही नाही. शेवटी मीच विचारलं, काहून आलीस?

"देवानं माझ्यावर दया केली, दादा. रोज करून राहिला. मग मी तुझ्यावर करू नको तर काय करू?"

मी भिंतीकडं तोंड फिरवून रडलो. कुबड्यांवर चालता येऊ लागलं तसा तिच्यासोबत जवळ्याला प्रार्थनेला गेलो आणि मीही येशूचा झालो.

गावात कळायला वेळ लागला नाही, कारण मीच टपरीवर सगळ्यांना सांगत होतो. जाणत्यांनी पारावर बोलावलं. एकानं विचारलं, धर्म बदलायला तांदळाची किती पोती मिळाली? मी म्हणालो, बहीण मिळाली. माझा चुलता म्हणाला, घरात काय करायचं ते कर, बाहेर शब्द काढायचा नाही.

"काका, मी बहिणीला शिव्या देत होतो तवा तुमी कोणी मला गप बस म्हणले न्हाईत. आता चांगलं सांगून राहिलो तर काहून गप बसू? न्हाई बसणार."

त्या उन्हाळ्यात गावच्या एकाही शेतकऱ्यानं लेंडीखतासाठी आपल्या रानात आमची मेंढरं बसवून घेतली नाहीत. वर्षाचं धान्य आम्हाला त्यातूनच मिळायचं. बायको आपल्या कुळदेवाचीच, अजूनही आहे. ती चिडून म्हणाली, तोंड मिटलं असतं तर काय बिघडलं असतं? तिचं चुकत नव्हतं. तरी मी तोंड मिटलं नाही. कळप घेऊन लांब निघालो.

चार गावं पलीकडं एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं थांबवलं. मेंढरं बसव म्हणाला, पण तुझ्या देवाचं माझ्यापाशी काढू नको. मी म्हणालो, आपणहून काढणार नाही, पण विचारलंत तर लपवणार नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तोच बांधावर येऊन बसला. माझी गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. हातातलं ढेकूळ चुरत त्यानं विचारलं, "बहिणीनं तुला माफ कसं केलं?" मी कुत्र्यासकट सगळं सांगितलं. त्यानं हातातली माती झटकली. मग शेजारच्या रानाकडं हात केला. ते त्याच्या सख्ख्या भावाचं होतं. नऊ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

तो काही ख्रिस्ती झाला नाही आणि मी त्याला तसं व्हायला सांगितलंही नाही. पण पुढच्या साली मेंढरं बसवायला निरोप आला तो दोन्ही रानांसाठी.

चुलता मला पाहून अजून वाट बदलतो. मी हाक मारतोच. टपरीवर कोणी खवचटपणे विचारतं, आज काय म्हणतो तुझा येशू? मी बाकड्यावर सरकून त्याला जागा करतो आणि पहिल्यापासून सांगतो.