पडलेल्याचं मनगट

लुळ्या बाहुल्यांच्या मारामारीचा तो गेम. बाहुल्यांना ना हाडं ना स्नायू, नुसते सांधे. कुठला सांधा कधी आवळायचा आणि कधी सैल सोडायचा, हे ठरवणारी ही बाई. म्हणून ऑफिसात तिचं नावच पडलं सांधेवाली. कंत्राटावरची. कंत्राटी माणसाला चुकायचीही चोरी!

साहेबांनी फर्मावलं, "‘निर्दयी’ नावाची नवी शैली हवी. निर्दयी डाव म्हणजे काय, ते एका वाक्यात सांगा आणि करून दाखवा. नाहीतर दुसरं माणूस बघू."

तिची झोप उडाली. बाकीच्यांनी रक्त सुचवलं, तुटके हात सुचवले. तिला पटेना. रक्त काय, कुणीही सांडतं.

प्रत्येक डाव ती आधी घरी गादीवर करून बघायची. बळीचा बकरा थोरली बहीण.

"ताई, पड ना जरा."

"नोकरी तुझी आणि हाडं माझी होय गं?"

कुरकुरत ताई पडली. तिचा खांदा कसा वळतो ते बघण्याच्या नादात ही मनगट सोडायचंच विसरली. ताईचं हसू विरलं.

"सोड की! पडले ना मी!"

हिने दचकून हात सोडला. पण वाक्य सापडलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर तिने ते वाचलं, "समोरचा सैल पडल्यावरही पकड न सोडणं." कंट्रोलरचं बटण अंगठ्याने दाबून धरलं, तशी पडद्यावर एक बाहुली दुसरीला फरफटत नेऊ लागली.

साहेब खूश. "झकास! पण बटण कशाला दाबून धरायचं? आपोआप राहू दे पकड."

हो म्हटलं असतं तर सुटली असती.

"नाही साहेब. सोडता येत असून धरलं, तर निर्दयी. आपोआप झालं तर तो नुसता बिघाड."

"मला शिकवताय?"

आता दार दाखवणार, हे ती धरूनच चालली होती. साहेबांनी कंट्रोलर ओढून घेतला आणि डाव स्वतः खेळून बघितला. समोरची बाहुली कोसळली, मान लटकली. फरफट सुरू झाली, भिंतीपर्यंत गेली, तिथून परत फिरली. सांधेवाली पडद्याकडे नाही, साहेबांच्या अंगठ्याकडे बघत होती.

"राहू दे तुमचं बटण," बऱ्याच वेळाने साहेब म्हणाले.

अंगठा अजून उचलला नव्हता.