बांधावरचा दगड

भूतबाधा, अंगात येणं असल्या गोष्टींची मी वर्गात मुलांसमोर थट्टा करायचो, हे आधीच सांगतो. आजही माझा विश्वास आहे असं म्हणवत नाही... पण त्या रविवारी वसंताचं डोकं मी फोडलं, एवढं खरं आहे.

साल १९८४. मी सोलापूरचा. चित्रकला शिक्षक म्हणून मालवणात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. इथली बोली थोडीफार कळायची, बोलता मात्र एक वाक्य येत नव्हतं. वसंता आमच्याच शाळेत इतिहास शिकवायचा, जन्मापासून इथलाच. गावोगावचे जुने स्मृतिफलक बघत फिरायचा त्याला नाद. सकाळी सायकली काढून आम्ही आचऱ्याच्या वाटेला लागलो, रमतगमत. एका विहिरीवरचा फलक पाहिला, मग देवळाच्या पायरीतला. तो मजकूर वहीत उतरवायचा, मी वर कागद ठेवून कोळशाने ठसा घ्यायचो. मध्ये चहा-भजी झाली.

तिसरा दगड एका शेताच्या बांधावर होता. अकरा वाजले असतील, लख्ख ऊन. अक्षरं पार झिजलेली. मी गुडघ्यावर बसून कोळसा फिरवू लागलो. वाचायला जवळ यावं म्हणून वसंताने बांधावर पाय ठेवला — इथपर्यंत मला आठवतं.

त्यानंतर एकदम — वसंता भाताच्या धसकटांत उताणा पडलेला, कपाळ फुटून दोन्ही डोळे रक्ताने भरलेले, माझे अंगठे त्याच्या गळ्यात रुतलेले, आणि मागून कुणीतरी माझे केस धरून मला खेचतंय. शेजारी माझ्या सायकलचा पंप वाकडा होऊन पडला होता. त्याला रक्त आणि केस चिकटले होते.

खेचणारा म्हातारा शेतकरी होता. श्वास सापडल्यावर वसंताने मला पहिलं काय विचारलं असेल?

"मास्तरानू, तुमका मालवणी कोणी शिकयल्यान?"

मारताना मी म्हणे एकच घोकत होतो — "बांध माझो आसा. पाय काढ."

म्हाताऱ्याने हे ऐकलं आणि माझे केस सोडले. हळूच म्हणाला, "थोरल्यान धाकट्याक मारल्यान हंयसर. ह्याच बांधापायी." दगड त्या धाकट्या भावाचा होता.

वसंताला नऊ टाके पडले. सायकलवरून पडलो, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं, घरी बायकोलाही. मी ऊन म्हणून पाहिलं, झटका म्हणून पाहिलं, तपासण्या करून घेतल्या... काहीच निघालं नाही. आमची मैत्री टिकली, ती त्याच्यामुळे. फक्त दोघं चालत कुठे निघालो, की तो अजूनही जरा थांबतो आणि मला पुढे जाऊ देतो.